खटल्यांच्या धाकाने युद्धं टळतात का?

शारदा_म:
मी नागरिकशास्त्र शिकवते. आंतरराष्ट्रीय फौजदारी न्यायालयाबद्दल सांगताना ते ज्यातून उभं राहिलं त्या रोम कराराची प्रास्ताविका वाचून दाखवली. गुन्हेगार मोकळे सुटू नयेत आणि त्यातून पुढचे गुन्हे रोखायला हातभार लागावा, असा त्यात निर्धार आहे. एका मुलीने विचारलं, "बाई, युगोस्लाव्हियासाठी न्यायाधिकरण १९९३ मध्येच नेमलं होतं ना? मग १९९५ मध्ये बोस्नियातल्या स्रेब्रेनित्सात सुमारे आठ हजार माणसं मारली कशी गेली?" तिला काय सांगू?

निरंजन:
खरं तेच सांगा, जरब बसत नाही. युगांडाचा बंडखोर नेता जोसेफ कोनी याच्यावर २००५ मध्ये वॉरंट निघालं. पुढच्या वर्षी जुबात शांततेच्या वाटाघाटी सुरू झाल्या, वॉरंट मागे घ्या ही मागणी वारंवार आली आणि शेवटी त्याने करारावर सही केलीच नाही. सुदानचे तेव्हाचे अध्यक्ष बशीर यांच्यावर २००९ मध्ये वॉरंट काढलं, तर त्यांनी परदेशी मदतसंस्थाच देशाबाहेर घालवल्या. स्वतःचे पोलीस नसलेल्या कोर्टाला कोण भिणार?

माजी_विधी_अधिकारी:
सैन्यातल्या अधिकाऱ्यांना युद्धकायदा शिकवण्यात माझी उमेदीची वर्षं गेली, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

मुलीने नेमकं बोट ठेवलंय. जुलै १९९५ पर्यंत त्या न्यायाधिकरणात एकही खटला उभा राहिला नव्हता. पहिला सुरू झाला १९९६ मध्ये. स्रेब्रेनित्सा घेणाऱ्या बोस्नियन सर्ब सैन्याचा सेनापती म्लादिच, त्याने भ्यावं तरी कशाला? माणूस शिक्षेच्या आकड्याला भीत नाही, पकडलं जाण्याच्या खात्रीला भितो. म्लादिच पकडला गेला २०११ मध्ये.

पण त्याच जुलैत बोस्नियन सर्बांचा नेता कराजिच याच्यावर आरोप ठेवले गेले, आणि नोव्हेंबरात बोस्नियाचं युद्ध थांबवणाऱ्या डेटनच्या वाटाघाटींना त्याला जाता आलं नाही, कारण अटक झाली असती. करार त्याच्याविना झाला. जून २००३ मध्ये लायबेरियाचा अध्यक्ष चार्ल्स टेलर शांतता बोलणीसाठी घानात असतानाच सिएरा लिओनसाठीच्या विशेष न्यायालयाचं त्याच्यावरचं आरोपपत्र उघड झालं. ऑगस्टमध्ये त्याने अध्यक्षपद सोडलं. बंडखोर राजधानीत घुसले होते, तेव्हा सगळं श्रेय कोर्टाला देणार नाही. पण माणूस बाजूला पडला, हे खरं.

निरंजन, कोनीबद्दल तुमचं मान्य. मात्र कोलंबियाही पाहा. तिथे आंतरराष्ट्रीय फौजदारी न्यायालयाची प्राथमिक तपासणी २००४ पासून चालू होती. सरसकट माफी देऊन मोकळं होण्याची सोय उरली नव्हती. सरकार आणि फार्क ही बंडखोर संघटना यांच्यातल्या २०१६ च्या शांतता करारात गंभीर गुन्ह्यांसाठी खास न्यायव्यवस्था ठरली, आणि तरीही फार्कने शस्त्रं खाली ठेवली.

माझा खरा विश्वास मात्र खालच्या पातळीवर आहे. वर्गात अधिकारी हमखास विचारत, "हाताखालच्याने परस्पर केलं, मला माहीतच नव्हतं, तर?" रोम कराराचं कलम २८ सांगतं: परिस्थिती पाहता कळायला हवं होतं आणि तरी रोखलं नाही, तर सेनाधिकारी जबाबदार. हे समजलं की पुढचे प्रश्न वेगळे येत. कैदी कुणाच्या ताब्यात? नोंद कोण ठेवणार? तक्रार आली तर चौकशी कोण लावणार? माणसं वाचतात ती या प्रश्नांनी.

शारदा_म:
हे उद्या सांगते. पण युद्ध सुरू करणाऱ्याचं काय?

माजी_विधी_अधिकारी:
तिथे कायदा फार तोकडा आहे, आणि ते मला सलतं. आक्रमणाच्या गुन्ह्यावर न्यायालयाला अधिकार मिळाला १७ जुलै २०१८ ला. पण रशियासारख्या, रोम करारात नसलेल्या देशाच्या नेत्यावर तो चालत नाही. सुरक्षा परिषदेने प्रकरण पाठवलं तरच चालतो, आणि तिथे रशियाकडे नकाराधिकार. म्हणून पुतिनवरचं मार्च २०२३ चं वॉरंट युक्रेनमधली मुलं बेकायदा हलवल्याबद्दल आहे, युद्ध सुरू केल्याबद्दल नाही. त्यासाठी युक्रेन आणि युरोप परिषदेला जून २०२५ मध्ये वेगळ्या न्यायाधिकरणाचा करार करावा लागला.