दुसऱ्या अल्बममध्ये ऑर्केस्ट्रा वाढला, ग्रूव्ह कुठे गेला?

सातवी_तार

मंडळी, जरा लांबण लागणार आहे, सांभाळून घ्या.

आमचा पाच जणांचा बँड, सिंफनिक ग्रूव्ह मेटल, म्हणजे मान डोलावणारा ठेका (ग्रूव्ह) आणि सोबत ऑर्केस्ट्रा. गिटार मी वाजवतो आणि ऑर्केस्ट्राही मीच लिहितो, त्यामुळे खाली जे रडगाणं आहे त्याचा आरोपीही मीच.

पहिल्या अल्बमच्या वेळी ऑर्केस्ट्रातलं काही कळत नव्हतं. आधी रिफ (गिटारची परत परत येणारी ओळ) ठरायची, मग ड्रम बसायचे, आणि कुठे फट उरली तर तिथे मी व्हायोलिन नाहीतर चार ब्रासचे (पितळी वाद्यांचे) ठोके सारायचो. आज ऐकलं की लाज वाटते. कॉयर (गायकवृंद) तर बंद खोलीत कुणीतरी जांभई देतंय असा वाटतो. पण मान डोलायची. आपोआप.

दुसऱ्यासाठी दीड वर्ष ऑर्केस्ट्रेशन शिकलो. या वेळी ऑर्केस्ट्रा आधी लिहिला, गिटार नंतर. एकेका गाण्यात साठ-साठ ट्रॅक. गेल्या आठवड्यात रफ मिक्स (सगळे ट्रॅक एकत्र जुळवलेलं कच्चं रेकॉर्डिंग) बँडला ऐकवला. आमच्या ड्रमरची बोटं मांडीवर कधी थांबत नाहीत, अगदी जेवतानासुद्धा. आठही गाणी संपेपर्यंत तो हाताची घडी घालून बसला आणि शेवटी म्हणाला, "भारी झालंय."

गिटार सात तारांची, खालची तार ए. बहुतेक गाणी 104 बीपीएमच्या (मिनिटाला 104 ठोके) आसपास. माझा प्रश्न एवढाच: चूक मिक्सची आहे की लिहिण्याची? मिक्सची असेल तर पैसे घालतो. लिहिण्याची असेल तर काय करायचं ते सुचत नाहीये.

टाळकरी

ड्रमर "भारी झालंय" म्हणाला म्हणजे विषय गंभीर आहे.

ऑर्केस्ट्राचे सगळे ट्रॅक म्यूट (बंद) कर आणि नुसतं गिटार, बेस, ड्रम ऐक. ठेका परत आला तर वाचलास. नाही आला तर पैसे घालू नकोस.

खर्जातला

टाळकरीची परीक्षा बरोबर आहे, पण आधी खालच्या पट्टीतली गर्दी मोजून घे. तुझ्या गिटारची खालची ए 55 हर्ट्झला. बेस गिटार तिच्याखाली सप्तकभर असेल तर 27.5 ला. किकचा (पायाने वाजणाऱ्या ड्रमचा) दणका साधारण 50 ते 80 मध्ये. त्यात डबल बेसचा (ऑर्केस्ट्रातल्या सर्वांत मोठ्या तंतुवाद्याचा) ताफा 41 पासून वर, आणि वर टिंपनी (नगाऱ्यासारखे मोठे ड्रम). सगळ्यांनी एकदम तोंड उघडलं की नुसता गडगडाट, ठोका कळतच नाही. रिफ चालू असताना डबल बेस चक्क गप्प ठेव. इक्यूने (आवाजाच्या पट्ट्या कमी-जास्त करणाऱ्या साधनाने) खालचं कापण्यापेक्षा स्वरच लिहू नयेत, ते जास्त स्वच्छ ऐकू येतं.

दुसरं, वेळ. 104 ला सोळावा भाग 144 मिलिसेकंदांचा. तंतुवाद्यांच्या लेगॅटो (स्वर जोडून, सलग वाजवलेल्या) सॅम्पलना, म्हणजे आधीच रेकॉर्ड केलेल्या आवाजांना, आवाज भरायला सहज शंभरेक मिलिसेकंद लागतात. म्हणजे ग्रिडवर (सॉफ्टवेअरमधल्या ठोक्यांच्या चौकटीवर) तू स्वर बरोबर ठेवलास तरी कानाला तो पाऊण घर उशिरा येतो. पहिल्या अल्बममध्ये तुझे ब्रासचे ठोके आखूड होते म्हणून हे जाणवलं नसणार. ट्रॅकला उणे डिले दे, म्हणजे तो तेवढा आधी वाजव, प्रत्येक वाद्याला वेगळा, कानाने.

आणि तिसरं, जे मला खरं दुखणं वाटतं. तीनतालात 'खाली'च्या मात्रांना डग्गा गप्प होतो. तो गप्प होतो म्हणूनच पुढचा 'धा' छातीत बसतो. ग्रूव्ह मेटलची रिफ तशीच असते, तार हाताने दाबून मारलेल्या दोन ठोक्यांमधल्या शांततेवर ती उभी असते. ऑर्केस्ट्रा आधी लिहिणारा माणूस अशी 'खाली' कधी ठेवत नाही. त्याला भोक दिसलं की व्हिओला आठवतो.

इटलीच्या फ्लेशगॉड अपोकॅलिप्स या मेटल बँडचं उदाहरण घे. 2009 चा पहिला अल्बम 'ऑरॅकल्स', त्यात पियानो आणि तंतुवाद्यं बरीचशी गाण्यांच्या कडेला. 2011 च्या 'ॲगनी'त ऑर्केस्ट्रा गाणंभर, आणि मला तरी तिथे गिटार शोधावी लागते. पण त्यांना ते चालून जातं, कारण तो वेग असा की ड्रम हीच एक सलग भिंत आहे. मधे बुजवायला मोकळी जागाच नाही. 104 ला तुझं तसं नाही.

सातवी_तार

परीक्षा केली. आठपैकी तीन गाणी म्यूट केल्यावर जिवंत झाली. उरलेल्या पाचांत रिफच नाहीये. गिटार फक्त चेलोंच्या ओळी खाली घोकतेय. हे मला दीड वर्षात दिसलं नाही!

उणे डिलेने मात्र खरंच फरक पडला. व्हायोलिनना 90 मिलिसेकंद दिला आणि दुसरं गाणं एकदम ताठ बसलं.

अर्धी_पट्टी

मी थोडी उलट बाजू मांडते. सगळे तंतुवाद्यांवर का घसरलात? अपोकॅलिप्टिका या बँडचा 1998 चा दुसरा अल्बम ऐका. चार चेलो, आणि त्यांवर सेपल्चुरा, पँटेरा या मेटल बँडची गाणी. गिटार नाहीच, तरी ठेका आहे, कारण गज तारेवर दाबून आखूड ओढलाय. तेव्हा त्या पाच गाण्यांत गिटारने चेलो घोकण्याऐवजी चेलोला रिफ दे. लेगॅटो काढ, स्टॅकॅटो (आखूड, तुटक स्वर) लाव आणि गिटार काही मात्रा गप्प बसव.

आणि पहिल्या अल्बमची एवढी आरती नको. तिथे जागा मोकळी राहिली ती तुला लिहिता येत नव्हतं म्हणून. आता येतं, तर मुद्दाम ठेव.

खर्जातला

पटलं. मिक्सची घाई तर अजिबात करू नकोस. ग्रूव्ह मेटलवाल्या लँब ऑफ गॉडचा (आधीचं नाव 'बर्न द प्रीस्ट') त्या नावाखालचा दुसरा अल्बम 2003 चा, आणि 2013 ला तो नव्याने मिक्स होऊन परत आला. रिफ मुळात होत्या म्हणून ते जमलं.

सातवी_तार

चौथ्या गाण्याचा व्हर्स (कडवं) काल रात्री परत लिहिला. डबल बेस पूर्ण बाहेर, चेलो स्टॅकॅटोवर, गिटार दर चौथ्या मात्रेला गप्प. अजून ड्रमरला ऐकवलेला नाही, धीर होत नाहीये.

एक शंका. कॉयरलाही तेवढाच उणे डिले द्यायचा का?

अर्धी_पट्टी

सरसकट नको. खरे गायक व्यंजन ठोक्याच्या आधी उच्चारतात आणि स्वर ठोक्यावर आणतात. 'सा' म्हणायचं तर 'स्' आधी, 'आ' समेवर. तुझ्या सॅम्पलमध्ये 'आ' कुठे सुरू होतो ते वेव्हफॉर्ममध्ये (पडद्यावरच्या आवाजाच्या आलेखात) बघ आणि तिथून मोज. 'म' आणि 'स' चं अंतर वेगळं निघेल.