पतसंस्था, सेतू केंद्रांतल्या कर्मचाऱ्यांना सायबर सुरक्षेचं ऑनलाइन प्रशिक्षण सक्तीचं करावं का?

काउंटरवाली_दिग्रस
माझं मत: करावंच, आणि दर तीन महिन्यांनी. आपल्या शाखांमध्ये व्हॉट्सॲप वेब दिवसभर उघडं असतं. खातेदारांचे आधार, पासबुक, सातबारा, सगळे फोटो त्यावरच येतात. हल्ली गावच्या ग्रुपवर 'पीएम किसान'च्या नावानं एपीके फाइल, म्हणजे प्ले स्टोअरबाहेरून ॲप टाकायची फाइल, फिरते. मोबाइलमध्ये ती टाकून परवानग्या दिल्या की एसएमएस परस्पर वाचले जातात आणि ओटीपी चोराच्या हाती पडतो. शेतकरी फोन घेऊन आधी काउंटरवरच येतो, "मॅडम, हे टाकू का?" म्हणून विचारतो. त्या क्षणी आपल्यालाच उत्तर माहीत नसेल तर त्याचं खातं रिकामं होणार. नागपूरहून प्रशिक्षक आला तरी अर्धा दिवस बोलून जातो, आणि निम्मा स्टाफ तेव्हा काउंटरवरच असतो. ऑनलाइन असेल तर गर्दी ओसरल्यावर थोडं थोडं करता येतं.

सेतूवाला_वाशिम
ताई, फाइलीचं तुमी खरं सांगतलं. पण ऑनलाइन मले नाई पटत. व्हिडिओ एकीकडे चालू ऱ्हायते, माणूस दुसरीकडे फॉर्म भरते. शेवटची प्रश्नोत्तरं एकजणच सगळ्यायची सोडवते, प्रमाणपत्र निघते, झालं. अतिवृष्टीच्या अनुदानाच्या व्हीके नंबरच्या (शेतकऱ्याच्या विशिष्ट क्रमांकाच्या) याद्या लागल्या का केवायसीले पहाटपासून रांग. लॉगिन एकाच्या नावाचं, बसते तिसराच, अन् पासवर्ड मॉनिटरले चिकटवलेला. हे चूक हाये हे सगळ्यायले माहीत हाये. माहीत नाई म्हणून होत नाई, माणसं कमी अन् आयडी एकच म्हणून होते.

निवृत्त_बँकवाला_अमरावती
माझा विरोध याहून कडक आहे. २०१८ मध्ये पुण्याच्या कॉसमॉस बँकेतून सुमारे ९४ कोटी गेले. हल्ला एटीएमच्या स्विच सर्व्हरवर, म्हणजे एटीएमचे व्यवहार मंजुरीसाठी बँकेकडे नेणाऱ्या यंत्रणेवर, झाला होता. काउंटरवरच्या क्लार्कनं कितीही व्हिडिओ पाहिले असते तरी तो थांबला नसता. ज्या संस्था जुनं विंडोज बदलत नाहीत, बॅकअप वेगळा ठेवत नाहीत, त्यांना प्रशिक्षण फार सोयीचं पडतं. उद्या काही घडलं की प्रमाणपत्र पुढे करून म्हणतील, "याला शिकवलं होतं, चूक याची." दहा-बारा हजारांवर राबणाऱ्या पोरावर संचालक मंडळाची जबाबदारी ढकलू नका.

काउंटरवाली_दिग्रस
काका, जबाबदारीचं तुमचं म्हणणं मान्य. पण सर्व्हर कितीही भक्कम केला तरी खातेदाराला फोनवरून "मी बँकेतून बोलतोय" म्हणून फसवणारा थांबत नाही. तिथं पहिला माणूस काउंटरवालाच. पैसे गेले म्हणून कोणी रडत आलं की लगेच १९३० ला, म्हणजे सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला, फोन लावून द्यायचा, कारण रक्कम पुढच्या खात्यात जाऊन काढली जाण्याआधीच गोठवता येते. त्याऐवजी आपण "अर्ज लिहून आणा, साहेब उद्या येतील" म्हणतो. सर्ट-इन या केंद्र सरकारच्या सायबर सुरक्षा यंत्रणेच्या एप्रिल २०२२ च्या निर्देशांप्रमाणे संस्थेतला सायबर प्रकार लक्षात आल्यापासून ६ तासांत त्यांना कळवायचा असतो. कळवायचं कोणी, हे किती शाखांत ठरलेलं आहे?

शिक्षक_चिमूर
बहुतेक प्रशिक्षण इंग्रजीत किंवा बोजड हिंदीत असतं, त्यात परदेशी ऑफिसांची चित्रं. आपल्याकडच्या फसवणुकी दाखवा, मराठीत, दहा मिनिटांत. नेट गेलं तरी चालेल असं डाउनलोड करता यावं.

सेतूवाला_वाशिम
तसं असंन तर मी बसाले तयार हावो. पण पैले ज्याचा त्याचा आयडी द्या.

निवृत्त_बँकवाला_अमरावती
आणि सरावासाठी खोटा ईमेल पाठवून कोण फसतं ते तपासणार असाल, तर तो निकाल सेवापुस्तकात जाता कामा नये. नाहीतर खरी लिंक चुकून दाबणारा भीतीनं गप्प बसेल. हे लेखी आल्याशिवाय माझा विरोध कायम.

काउंटरवाली_दिग्रस
लेखीच हवं. आमसभा सप्टेंबरअखेरपर्यंत घ्यावीच लागते. वेगळे आयडी, १९३० चा फलक आणि मराठी प्रशिक्षण, तिन्ही एकाच ठरावात मांडते. काका, निकालाच्या गोपनीयतेचं कलम तुम्ही लिहून द्याल का?