मदत हवी आहे: निफाडच्या थंडीत परसातल्या भाज्या कशा सांभाळू? (तोंडली, कढीपत्ता, टोमॅटो, मटार)

रोह्याची_लेक | २१ ऑक्टोबर

नमस्कार मंडळी. मी मूळची रोह्याची, मिस्टरांच्या बदलीमुळे दीड वर्ष झालं निफाड तालुक्यात राहतोय. घर भाड्याचं आहे पण मागे छान मोठा परस आहे, साधारण २० बाय ३० फूट, उत्तरेला विटांची कंपाउंड भिंत, पूर्वेला एकदम मोकळं शेत आणि जमीन त्या शेताकडे जरा उतरती आहे. बोअरचं पाणी आहे. माती काळी, आमच्याकडच्यासारखी लाल नाही, त्यामुळे पहिले सहा महिने तर पाणी किती घालायचं हेच कळत नव्हतं.

आता मुद्द्याचं. आमच्याकडे रोह्याला थंडी म्हणजे पहाटे एक शाल, बस. इथे गेल्या जानेवारीत पारा ५-६ अंशांवर आला आणि दोन दिवसांत टोमॅटोची पानं उकडल्यासारखी काळी पडली, मिरचीची सगळी फुलं गळाली, कढीपत्ता पिवळा होऊन बोडका झाला. आईने दिलेलं अळू होतं ते पिवळं पडत पडत पार जमिनीलगत गेलं. एका नर्सरीत विचारलं तर म्हणाले मेलंय, काढून टाका, म्हणून मी सगळे कांदे खणून टाकून दिले. नंतर आईला फोनवर सांगितलं तर ती म्हणाली अगं अळू मरत नाही, पावसात परत आलं असतं. ते अळू माझ्या आजीच्या परसातलं होतं हो. अजून आठवलं की जीव हळहळतो.

यंदा तसं होऊ द्यायचं नाहीये. सध्या परसात आहे ते असं: तोंडलीचा वेल मांडवावर (आत्ता भरपूर लागतायत), कढीपत्ता जमिनीत साधारण माझ्या कमरेएवढा, हळद एक वाफा, वांगी ४ झाडं, मिरची ६, टोमॅटोची रोपं १० आत्ताच लावलीत. आईने कडव्या वालाचं बियाणं आणि अलिबागच्या पांढऱ्या कांद्याचं बी पाठवलंय. आणि मनात एक फार इच्छा आहे की १३ जानेवारीला भोगीची भाजी परसातल्याच भाज्यांची करायची. वांगी, गाजर, मटार, हरभरा, वाल, सगळं. तीळ तेवढे दुकानातले. जमेल का? काय कधी पेरू? आणि थंडीच्या त्या आठ-दहा रात्री नेमकं काय करायचं असतं?

द्राक्षवाला_निफाड | २१ ऑक्टोबर

ताई, स्वागत आहे आमच्या गारठ्यात. पेपरात निफाडचा जो पारा येतो तो कुंदेवाडीच्या गहू संशोधन केंद्रातला असतो, आणि तो मोजतात जमिनीपासून चार-साडेचार फुटांवर. निरभ्र आणि वारा नसलेल्या रात्री जमिनीलगत त्याहून ३-४ अंश कमी असतं, म्हणजे पेपरात ५ वाचलं तर तुमच्या टोमॅटोच्या पानांवर जवळजवळ गोठण्याइतकी थंडी होती. म्हणून पानं उकडल्यासारखी झाली, पानातलं पाणीच गोठतं आणि ऊन आलं की पान काळं पडतं.

दुसरं, गार हवा जड असते, ती पाण्यासारखी उताराकडे वाहत जाते आणि खोलगट जागी साचते. तुमचे टोमॅटो गेल्या वर्षी त्या शेताकडच्या खालच्या कोपऱ्यात होते का?

रोह्याची_लेक | २१ ऑक्टोबर

हो दादा!! अगदी तिथेच होते. आणि यंदाही तिथेच लावलेत.

द्राक्षवाला_निफाड | २२ ऑक्टोबर

मग आत्ताच उचला, रोपं लहान आहेत तोवर संध्याकाळी मुळाच्या मातीसकट काढून उत्तरेच्या भिंतीला लावा. ती भिंत दक्षिणेकडे तोंड करून आहे, हिवाळ्यात सूर्य दक्षिणेला कलतो म्हणजे दिवसभर ऊन खाते आणि रात्री तीच ऊब सोडते. मिरची-वांगीच्या ओळीत लावली तरी चालेल. खालच्या कोपऱ्यात ज्यांना थंडी आवडते ते लावा, मेथी, पालक, कोथिंबीर, मुळा, लसूण.

थंडीच्या रात्रीचं सांगतो. आम्ही बागेला पहाटे पाणी सोडतो, कारण विहिरीचं-बोअरचं पाणी थंडीत हवेपेक्षा कोमट असतं. तुम्हीही बोअर चालू करून थेट वाफ्यांना द्या, गच्चीवरच्या टाकीतलं नको, ते रात्रभर गार पडलेलं असतं. सगळ्यात कमी तापमान सूर्य उगवायच्या आसपास असतं, तेव्हा साडेचार-पाचला दिलं की उपयोग. रोज नाही हं, काळी जमीन आहे, चिखल होऊन मुळं कुजतील. फक्त आकाश स्वच्छ, वारा पडलेला आणि पारा ७ च्या खाली, अशाच रात्री. ढगाळ रात्री काही करायची गरज नाही, ढग म्हणजे पांघरूणच.

गच्चीबाग_पुणे | २२ ऑक्टोबर

मी तर म्हणेन आच्छादन करा आत्तापासूनच, उसाचं पाचट तुमच्या भागात फुकट मिळेल, दोन-तीन इंच थर सगळ्या वाफ्यांवर. मुळं उबदार राहतात, पाणी कमी लागतं, गांडुळं वाढतात. मी पाच वर्षं गच्चीवर सुक्या पानांचं करतेय, हिवाळ्यात फार फरक पडतो.

द्राक्षवाला_निफाड | २२ ऑक्टोबर

ताई तुमचं पुण्याच्या गच्चीवर बरोबर आहे पण इथे थोडं वेगळं पडतं. पाचट असलं की दिवसाचं ऊन मातीपर्यंत पोचतच नाही आणि रात्री मातीची ऊब वर पानांपर्यंत येत नाही, म्हणजे मुळं वाचतात पण वरचं झाड जास्त गारठतं. उघडी आणि ओली माती दिवसा ऊन पिते आणि रात्री सोडते. म्हणून हळद, अळू, कढीपत्ता यांच्या बुडाशी पाचट टाका कारण तिथे मूळ वाचवायचंय. टोमॅटो, मिरची, वांगीच्या ओळीत डिसेंबर-जानेवारीत माती उघडी ठेवा.

गच्चीबाग_पुणे | २२ ऑक्टोबर

हे मला माहीत नव्हतं, पटलं. माझ्याकडे पारा ९-१० च्या खाली क्वचितच जातो त्यामुळे कधी लक्षातच आलं नाही.

पाचगणीची_माई | २३ ऑक्टोबर

लेकी, पांघरूण घाल झाडांना. इकडे वेण्णा लेकला दव गोठतं तेव्हा आमच्या परसातही तीच गत असते. जुन्या सुती साड्या, चादरी, गोणपाट काहीही चालतं, पण चार काठ्या रोवून त्यावर टाक, पानांना चिकटू देऊ नकोस. कापड जमिनीपर्यंत आलं पाहिजे, नुसती छत्रीसारखी वर टांगली तर जमिनीची ऊब बाजूने निघून जाते. प्लॅस्टिक नको, आतून पाणी सुटतं आणि जिथे पान टेकतं तिथे करपतं. सूर्यास्ताला घालायचं आणि सकाळी ऊन अंगावर आलं की काढायचं, विसरायचं नाही, नाहीतर आत दमट होऊन बुरशी धरते. कलिंगडवाले जो पांढरा पातळ क्रॉप कव्हर वापरतात, १७ जीएसएमचा, तो मिळाला तर उत्तम, त्यातून ऊन आत जातं म्हणून रोज काढायची घाई नाही.

आणि पानं काळी पडली तरी लगेच छाटू नकोस. ती मेलेली पानंच खालच्या फुटव्यांवर पांघरूण होतात. थंडी सरली की मग छाट.

एडिसनकर | २३ ऑक्टोबर

न्यू जर्सीहून. आमचा कढीपत्ता कुंडीत आहे, रात्री १० अंशांच्या खाली जायला लागलं की (सेल्सिअस सांगतोय) तो घरात येतो आणि मे महिन्यापर्यंत खिडकीतच. तरी त्याची पानं गळतात. पहिल्या वर्षी मीही मेला समजून फेकायला निघालो होतो. खोडावर नखाने हलकं खरवडून बघा, आत हिरवं ओलं दिसलं तर झाड जिवंत आहे. वरच्या फांदीत नाही दिसलं तर खाली खाली बघत या. पानं नसतात तेव्हा झाड पाणी फार कमी पितं, त्यामुळे हात आखडता ठेवा, आणि खत अजिबात नको. थंडीत कढीपत्ता बहुतेक वेळा जास्त पाण्याने मरतो.

तोंडलीचंही तसंच ताई, वेल वाळेल पण खाली मूळ जाड गाठीसारखं असतं, ते झोपतं. उपटू नका.

रोह्याची_लेक | २४ ऑक्टोबर

किती मनापासून सांगताय सगळे, डोळ्यात पाणी आलं वाचताना. टोमॅटो काल संध्याकाळी भिंतीला हलवले, आज जरा मान टाकलीय पण उभी राहतील असं वाटतंय.

एक विचारायचं राहिलं, हळदीचं काय? तीही गेल्या वर्षी पिवळी पडली तेव्हा मी खणून काढली तर आत हळकुंडं बारीक बारीकच होती.

पाचगणीची_माई | २४ ऑक्टोबर

कधी खणलीस?

रोह्याची_लेक | २४ ऑक्टोबर

डिसेंबरच्या सुरुवातीला बहुतेक.

पाचगणीची_माई | २४ ऑक्टोबर

लवकर झालं गं. मे-जूनमध्ये लावलेली हळद आठ-नऊ महिन्यांची व्हावी लागते. पानं पिवळी पडतात ते थंडीने नव्हे, तिचं वयच होतं, पानातलं सगळं खाली कंदात उतरत असतं. जानेवारी-फेब्रुवारीत पानं पूर्ण वाळून आडवी पडली की मग काढ. दोन-चार हिरवी पानं लागलीच तर पातोळ्यांपुरती घे, पण सगळी नको कापू.

मळेवाली | २५ ऑक्टोबर

भोगीचं मी सांगते, आमच्या घरी दरवर्षी असतं हे गणित. १३ जानेवारीला ८० दिवस राहिलेत, म्हणजे गाजर आज-उद्याच पेरा, गाजराला ८५-९० दिवस लागतात त्यामुळे तुम्हाला बोटाएवढीच मिळतील पण भाजीला चालतात. गाजर थेट वाफ्यातच पेरायचं, रोप करून लावलं तर गाजराला दोन फाटे फुटतात. काळी माती घट्ट असते तर वीतभर खोल मोकळी करून वाळू आणि जुनं शेणखत मिसळा, ताजं शेण नको. उगवायला दहा-बारा दिवस लागतात, तोवर वरची माती सुकू द्यायची नाही. उगवल्यावर दोन-तीन इंचांवर एक ठेवून बाकीची काढून टाका, काळीज घट्ट करून.

मटार याच आठवड्यात, लवकर येणारं वाण असेल तर ६०-६५ दिवसांत शेंगा. मटाराचं झाड थंडी सोसतं पण फुलं आणि कोवळ्या शेंगा दहिवराने डागळतात, तेव्हा फुलात आलं की पांघरूण द्या. आणि भुरीवर लक्ष ठेवा, दिवसा कोरडं ऊन आणि रात्री गारवा म्हणजे भुरीला आयतंच. पानावर पिठासारखे ठिपके दिसले की पाण्यात मिसळायचं गंधक लिटरला २ ग्रॅम सकाळी फवारायचं. त्याच्या आगेमागे पंधरा दिवस कडुनिंबाचं तेल मारायचं नाही, पानं भाजतात.

हरभरा नोव्हेंबरात पेरला तरी सोलाणे (ओले हिरवे हरभरे) मिळतील असं वाटतं पण तुम्ही आत्ताच पेरा. त्याला उताराचा कोपरा नको, फुलोऱ्यात थंडी बसली की घाटे भरत नाहीत.

वालाचं मात्र तुमच्या आईलाच विचारा, कडवे वाल आम्ही करत नाही. भोगीला आमच्याकडे घेवड्याच्या शेंगा घालतात.

रोह्याची_लेक | २५ ऑक्टोबर

आईला विचारलं. ती म्हणाली आपल्याकडे भात कापल्यावर जमिनीत जी ओल असते तिच्यावरच वाल येतात, जास्त पाणी घालू नकोस, आणि भोगीला नाही मिळायचे, पोपटीच्या (मडक्यात भांबुर्ड्याचा पाला घालून वालाच्या शेंगा भाजतात ती) वेळेला भरतील. म्हणून वाल आता पोपटीसाठी. भांबुर्डा इथे कुठे मिळणार हा प्रश्नच आहे.

रोह्याची_लेक | १९ डिसेंबर

मंडळी, सांगायला आले. काल पहाटे पहिली कडक थंडी पडली, आणि पहाटे पावणेपाचला मिस्टर बोअर चालू करायला उठले आणि मी टॉर्च घेऊन वाफ्यांमध्ये उभी, हाताला पाणी खरंच कोमट लागत होतं, मातीतून वाफ निघताना दिसत होती. आईच्या दोन जुन्या साड्या टोमॅटोवर आहेत. दहापैकी आठ झाडं व्यवस्थित. दोन टोकाची होती, भिंत जिथे संपते तिथली, त्यांची पानं काळी पडलीत. छाटली नाहीत.

तोंडली पूर्ण वाळलीय. मांडवावर नुसत्या काड्या. रोज सकाळी बघते आणि काही करत नाही.

द्राक्षवाला_निफाड | १९ डिसेंबर

छान केलंत. टोमॅटोला आत्ता नवीन फळ धरणार नाही, रात्री इतकी गार असली की फूल सेट होत नाही, तेव्हा खत वाढवू नका. जी लागलीत ती सावकाश पिकतील. ढगाळ हवा आली तर मात्र मावा आणि करपा बघा, ते थंडीपेक्षा वाईट.

रोह्याची_लेक | १३ जानेवारी

झाली भोगीची भाजी! वांगी, मटार, गाजर (करंगळीएवढी पण काय गोड), हरभऱ्याचे सोलाणे मूठभर, घेवडा शेजारच्या काकूंनी दिला. बाजरीची भाकरी, लोणी, तीळ. मळेवाली ताई, पहिली वाटी तुमच्या नावाने बाजूला काढली होती, मग मुलीने खाल्ली.

मळेवाली | १३ जानेवारी

पोचली ताई मला. सोलाणे कमी आले ते पाणी जास्त झालं असेल, पुढच्या वर्षी फुलावर असताना पाणी तोडा.

रोह्याची_लेक | २४ फेब्रुवारी

तोंडलीच्या बुडाशी, पाचटाखाली, जमिनीपासून दोन बोटं वर एक लालसर कोंब आलाय!! कढीपत्त्यालाही खालून तीन फुटवे आहेत. आई पुढच्या महिन्यात येतेय, येताना आत्याकडून अळूचे कांदे घेऊन येणार आहे, आजीच्याच अळूतले, आत्याने जपलेत. तोंडलीच्या वाळलेल्या काड्या आता कापू का आणि शेणखत लगेच घालू का?

पाचगणीची_माई | २४ फेब्रुवारी

काड्या काप, कोंबाच्या वर चार बोटं ठेवून. खताला आठ दिवस थांब, होळी होऊ दे. पहाटे अजून गारवा असतो, खत घातलंस तर कोंब जोरात धावेल आणि एखादी गार रात्र त्याला मारेल. आणि अळू आलं की ते खालच्या कोपऱ्यात लाव, पाणी तिथे साचतं ना, त्याला ते आवडतं.