अख्ख्या पुस्तकाची झेरॉक्स काढून द्यायची का?

पाठपोट_काका:
नमस्कार मंडळी. कोल्हापुरात राजारामपुरीत माझं झेरॉक्स आणि स्पायरल बाइंडिंगचं दुकान आहे. गिऱ्हाईक म्हणजे बहुतेक स्पर्धा परीक्षेची पोरं. पूर्वी पुस्तक घेऊन यायची, "काका, हे दोन धडे मारा" म्हणायची. आता पुस्तक कुणाकडंच नसतं. टेलिग्रामवरची पीडीएफ दुकानाच्या व्हॉट्सअ‍ॅपवर टाकतात, "पाठपोट काढा, स्पायरल करा, संध्याकाळी नेतो." चारशे पानं एका झटक्यात.

परवा आलेली पीडीएफ आपल्याच जिल्ह्यातल्या एका माणसाच्या पुस्तकाची होती. माणूस हयात आहे, क्लासमध्ये शिकवतो, पुस्तक पदरचे पैसे घालून छापलंय. मी पोराला म्हटलं, "अरे, महाद्वार रोडला मिळतंय की हे." तर म्हणतंय, "तुमच्याकडं निम्म्यात होतंय. आणि तुमाला काय करायचंय? सगळीच काढत्यात." गेलं शेजारच्या दुकानात.

जून २०२५ मध्ये मिलानच्या फॅशन शोमध्ये प्रादा ह्या इटालियन कंपनीच्या, आपल्या कोल्हापुरी चपलेसारख्या सँडल दिसल्या, तेव्हा हीच पोरं माझ्या काउंटरला टेकून पेटली होती. आमच्या कारागिराचं चोरलं म्हणून. बरोबरच होतं त्यांचं. मग ह्या मास्तरचं काय? त्याचा माल चोरला तर तो अभ्यास होतो व्हय?

तर सांगा, कायद्यात मी कुठं बसतो? आणि तुम्ही स्वतः कुठं थांबता?

कसबा_बावडा_वकील:
कोल्हापुरात उच्च न्यायालयाचं सर्किट बेंच आल्यापासून गावात सगळेच वकील झालेत, पण मी खरोखरचा आहे.

आपला कॉपीराइट कायदा १९५७ चा. त्याच्या कलम ५२ मध्ये सवलती आहेत. स्वतःच्या वापरासाठी, अभ्यासासाठी कुणी वाजवी प्रमाणात नक्कल केली तर तो भंग धरत नाहीत. पोरानं दोन धडे काढून नेले, कुणी विचारणार नाही. अख्खं पुस्तक, तेही बाजारात मिळत असताना, हे "वाजवी"त बसवणं अवघड.

झेरॉक्सवाले नेहमी दिल्लीचा निकाल सांगतात. २०१२ मध्ये ऑक्सफर्ड, केंब्रिज वगैरे प्रकाशकांनी दिल्ली विद्यापीठातल्या झेरॉक्स दुकानावर दावा लावला आणि २०१६ मध्ये उच्च न्यायालयाचा कौल दुकानाच्या बाजूनं गेला, हे खरं. पण तिथं शिक्षकांनी अभ्यासक्रमाला नेमलेले निरनिराळ्या पुस्तकांतले उतारे एकत्र बांधले होते. टेलिग्रामवरचं गाइड कोणत्या शिक्षकानं नेमलंय?

शिक्षेचं कलम ६३ आहे. जाणूनबुजून भंग केला तर सहा महिने ते तीन वर्षं कैद आणि ५० हजार ते २ लाख दंड. धंद्यातल्या फायद्यासाठी केलेलं नसेल तर न्यायालय कारण नोंदवून शिक्षा कमी करू शकतं. काका, ही फट पोराच्या कामाची आहे, तुमच्या नाही. तुम्ही पानामागं पैसे घेताय.

अभ्यासिका_नंबर_अठरा:
काकांच्या गोष्टीतलं पोरगं मी नाही, पण असू शकलो असतो. वडील उद्यमनगरात फौंड्रीत आहेत. पूर्व, मुख्य, चालू घडामोडी, सगळी पुस्तकं नवी घ्यायची म्हटलं तर खोलीचं भाडं बुडतं. बरं, दर वर्षी नवी आवृत्ती येते, आणि मागच्या वर्षीच्यात बदल किती, तर मुखपृष्ठ.

चपलेची तुलना मला पटत नाही. प्रादा कोट्यवधींची कंपनी, तिनं चांभारवाड्यातलं उचललं. मी खाली उभा राहून वरचं उचलतोय. शिवाय चपलेला २०१९ मध्ये मिळालं ते भौगोलिक मानांकन, म्हणजे ठराविक भागातल्या मालाच्या नावाचा हक्क. ते एकट्याचं नसतं, महाराष्ट्राच्या आणि कर्नाटकाच्या चार-चार जिल्ह्यांतल्या कारागिरांचं आहे. पुस्तक एका माणसाचं.

पाठपोट_काका:
भावा, भाडं बुडतं हे मला पटलं. पण वरचं-खालचं म्हणतोस, तर हा मास्तर कुठं वर आहे? सेकंडहँड स्प्लेंडरवर स्वतःच पुस्तकांचे गठ्ठे टाकत फिरतो. तुझा राग मोठ्या प्रकाशकावर आणि खड्ड्यात जातोय हा. आणि पुस्तक एका माणसाचं म्हणालास ते तर माझ्याच बाजूनं गेलं. चपलेसाठी आठ जिल्हे भांडतील, ह्याच्यासाठी कोण भांडणार?

तालमीचा_गडी:
आमच्याकडं गाण्यांचा कुणी एवढा विचार केला नव्हता बुवा. मोबाईलच्या दुकानात मेमरी कार्ड भरून घ्यायचं, पोवाडे, लावण्या, गणपतीची गाणी, सगळं त्यात. दुकानदारानं वर सिनेमा फुकट टाकून दिला तर तो दिलदार माणूस. वकीलसाहेब, लग्नाच्या वरातीत गाणी लावली तर रॉयल्टी मागतात म्हणे, खरं का?

कसबा_बावडा_वकील:
वरात आणि लग्नाशी जोडलेले समारंभ कायद्यानंच वगळलेत, त्याच कलम ५२ मध्ये. जुलै २०२३ मध्ये केंद्र सरकारनं तसं पत्रकही काढलं. नवरदेव निर्धास्त नाचू दे. सिनेमा भरून देणाऱ्या दिलदारानं मात्र जपून राहावं.

पाठपोट_काका:
मी मास्तरला फोन लावला. म्हणाला, पहिली दोन प्रकरणं खुशाल द्या, खाली माझा नंबर छापा, अख्खं पुस्तक पाहिजे असेल त्याला सवलतीत पोच करतो. म्हणजे माझी पानं थोडी, त्याची विक्री थोडी. पहिलं पोरगं आलंसुद्धा, नंबर घेऊन गेलं. विकत घेतलं का ते मास्तरलाच विचारायला पाहिजे.

अजून एक अडलंय. एक निवृत्त बाई खांडेकरांची जुनी कादंबरी घेऊन आल्यात, पानं पार सुटलीत. नातीसाठी पूर्ण प्रत काढून पाहिजे. दुकानात मिळत नाही म्हणतात. खांडेकर तर आपल्या कोल्हापुरात राहिलेले, आता कोण आडवं येणार?

कसबा_बावडा_वकील:
वारस येऊ शकतात. लेखक वारल्याच्या पुढच्या १ जानेवारीपासून साठ वर्षं मोजायची. खांडेकर १९७६ मध्ये गेले, म्हणजे २०३६ संपेपर्यंत हक्क आहेत. दुकानात मिळत नाही म्हणून पुस्तक मोकळं होत नाही. बाईंना आधी करवीर नगर वाचन मंदिरात विचारायला सांगा, जुना संग्रह आहे. साने गुरुजी १९५० मध्ये गेले, त्यांचं लेखन २०११ पासून सगळ्यांना खुलं आहे. फक्त नव्या आवृत्तीतली प्रस्तावना, टिपा, चित्रं त्यात धरू नका, त्यांचा हक्क वेगळा.

पाठपोट_काका:
मग साने गुरुजींची यादी करून काउंटरवर लावतो. आणि बाईंना सांगतो, सुटलेली पानं पुन्हा शिवून, नवा पुठ्ठा घालून देतो. त्याला तर कुणाची परवानगी लागत नाही ना?

कसबा_बावडा_वकील:
नाही. पुठ्ठा जाड घाला.