पाणी तपकिरी करून दाखवणारे, पांढरे कोट आणि आपली घरं: तुमचे अनुभव लिहा

चाळकरीण:
रविवारी आमच्या इमारतीच्या गेटपाशी एक मुलगा टेबल मांडून उभा होता. दोन ग्लास, एकात नळाचं पाणी, दुसऱ्यात त्याच्या मशीनचं. दोन्हीत वायर जोडलेल्या सळया सोडल्या आणि बटण दाबलं. बघता बघता नळाचं पाणी पिवळट झालं, मग तपकिरी, वर घाणेरडा फेस. मशीनचं पाणी जसंच्या तसं. कडेवर बाळ घेतलेली एक मुलगी बघत होती, तिला म्हणाला, "मॅडम, हेच पाजता ना बाळाला?"

मला एकदम गिरगावातली आमची चाळ आठवली. मी कॉलेजात असताना तिथेही असाच एक जण आला होता. ह्याच सळया, हेच वाक्य. आजीने पेन्शनमधून हप्ते भरून मशीन घेतलं. ज्या नळाच्या पाण्यावर तिने पाच मुलं वाढवली, त्या नळाकडे नंतर ती घाबरून बघायची. पाहुण्यांनाही सांगायची, नळाचं पिऊ नका हो, त्यात विष आहे. पैसे गेले ते गेले, पण तिच्या मनात ती भीती शेवटपर्यंत राहिली, त्याचा मला आजही राग येतो.

विज्ञानाचं नाव घेऊन तुमच्या घरात काय काय विकायला आलं ते लिहा. कंपन्यांची नावं नकोत. दावा काय होता आणि पुढे काय झालं तेवढं सांगा.

रासायनिक:
शाळेत विज्ञान शिकवतो, त्यामुळे सळयांबद्दल आधी लिहितो. एक सळई लोखंडाची असते, दुसरी बहुधा ॲल्युमिनियमची. नळाच्या पाण्यात थोडे क्षार विरघळलेले असतात म्हणून त्यातून वीज वाहते. वीज वाहिली की लोखंड झिजतं आणि त्याचा गंज होऊन पाण्यात उतरतो. ग्लासात जो गाळ दिसतो तो त्या सळईचाच. त्याचं मशीन आरओ, म्हणजे पाण्यातले क्षार गाळून काढणारं, त्या पाण्यात क्षार जवळजवळ नसतात, वीज वाहत नाही, म्हणून ते स्वच्छ दिसतं. खिशात चिमूटभर मीठ घेऊन जा आणि त्याच्या त्या स्वच्छ ग्लासात टाका, तेही तपकिरी होतं. नववीच्या वर्गात मी दोन खिळे आणि ९ व्होल्टची बॅटरी घेऊन हे करून दाखवतो. मुलं घरी जाऊन आईबाबांना सांगतात.

विरारफास्ट:
सर मीठ मी आणतो, तुम्ही फक्त तारीख सांगा

दोन फुलं:
चाळकरीण, आजीचं वाचून पोटात कालवलं. आमच्या सासूबाईंचंही तसंच झालं होतं, नंतर सविस्तर लिहिते. कुकर लावलाय.

भांडुपकर:
पालिकेच्या पाणीखात्यात आयुष्य गेलं, त्यामुळे गप्प बसवत नाही. मुंबईला सात तलावांचं पाणी येतं. तानसा, भातसा, मोडकसागर, अप्पर वैतरणा, मध्य वैतरणा, विहार आणि तुळशी. भांडुप आणि पांजरापूरला ते शुद्ध होतं, त्यात क्लोरीन घातलं जातं. मूळचं पावसाचं साठवलेलं पाणी, म्हणून क्षार कमीच. पिण्याच्या पाण्याच्या भारतीय मानकात टीडीएसची, म्हणजे विरघळलेल्या क्षारांची, मर्यादा लिटरला ५०० मिलिग्रॅम आहे आणि आपलं पाणी तिच्या पुष्कळ खाली असतं. २०१९ मध्ये राष्ट्रीय हरित लवादाने केंद्राला सांगितलं होतं की ५०० च्या आत टीडीएस असेल तिथे आरओवर बंदी आणा, कारण आरओ एक ग्लास पाणी देताना बरंच पाणी गटारात सोडतो.

आणखी एक गोष्ट लक्षात ठेवा. टीडीएस मीटर फक्त विरघळलेले क्षार सांगतो. जंतू त्याला कळत नाहीत. आपल्याकडे खरा घोटाळा होतो तो न धुतलेल्या टाक्यांमुळे आणि गटाराजवळून गेलेल्या गंजक्या पाइपांमुळे. टाकी साफ करून घ्या, शंका आली तर पाणी उकळा. ज्यांच्याकडे बोअरचं किंवा टँकरचं पाणी येतं त्यांची गोष्ट वेगळी, त्यांनी ते प्रयोगशाळेतून तपासून घ्यावं.

काकडी:
भांडुपकर काका, आमच्याकडे कांदिवलीला सकाळी सुरुवातीला पाणी गढूळ येतं ते कशामुळे?

भांडुपकर:
पुरवठा बंद असताना लाइनीत दाब राहत नाही. कुठे गळती असेल तर बाहेरची घाण आत शिरते आणि पाणी सुटलं की आधी तीच येते. पहिलं पाणी बादलीत धरा, लादी पुसायला होईल. रोज येत असेल तर वॉर्ड ऑफिसला लेखी द्या. फोनवर सांगून विसरून जाऊ नका.

नाइट ड्युटी:
मी लहान मुलांच्या वॉर्डात नर्स आहे. जुलाबाने मलूल झालेलं मूल येतं आणि आई पिशवीतून गोड ज्यूसचा डबा काढते. त्यावर मोठ्या अक्षरात ओआरएस, म्हणजे जुलाबात द्यायचं साखर-मिठाचं पाणी. "सिस्टर, दोन दिवस हेच देतेय, तरी थांबत नाही." त्या आईला काय बोलणार? तिने केमिस्टकडे मागितलं, त्याने दिलं, वर तेच लिहिलेलं.

खऱ्या ओआरएसमध्ये लिटरला १३.५ ग्रॅम ग्लुकोज, २.६ ग्रॅम मीठ, १.५ ग्रॅम पोटॅशियम क्लोराइड आणि २.९ ग्रॅम ट्रायसोडियम सायट्रेट असतं. साखर आणि मीठ ह्या मापात असलं तरच आतडं पाणी शोषून घेतं. साखर फार झाली तर उलट शरीरातलं पाणी आतड्यात ओढलं जातं आणि जुलाब वाढतात. हैदराबादच्या एक बालरोगतज्ज्ञ ह्यासाठी कित्येक वर्षं भांडल्या. शेवटी ऑक्टोबर २०२५ मध्ये एफएसएसएआयने, म्हणजे केंद्राच्या अन्नसुरक्षा प्राधिकरणाने, अशा पेयांच्या नावात ओआरएस हा शब्द वापरायला बंदी घातली. ज्या दिवशी ती बातमी आली त्या दिवशी आमच्या वॉर्डात सगळ्या जणींनी चहा मागवला.

पाकीट घेताना त्यावर डब्ल्यूएचओचा फॉर्म्युला लिहिलाय का बघा. आणि लिटरचं पाकीट लिटरभर पाण्यातच घाला, अंदाजाने अर्धं-पाऊण नको.

दोन फुलं:
नाइट ड्युटी, हे मी आमच्या बिल्डिंगच्या ग्रुपवर टाकते. तुमच्या वॉर्डातल्या सगळ्यांना नमस्कार सांगा.

विरारफास्ट:
+१. आमच्या वैनी पण नर्स आहेत, पहाटेची गाडी पकडून जातात. तुम्हा लोकांना सलाम

मीटरवाला:
लालबाग परळकडे वायरिंगची कामं करतो. प्लगला लावायचा तो डबा माहितेय का, हिरवा दिवा लागतो तो. त्याने वीजबिल ४० टक्के कमी होतं म्हणे. लोक माझ्याकडे लावायला घेऊन येतात. मी समोर उघडून दाखवतो. आत एक कपॅसिटर आणि दिव्याचं सर्किट, बाकी काही नाही.

आता कपॅसिटरने पॉवर फॅक्टर, म्हणजे खेचलेल्या करंटपैकी कामाला येणारा वाटा, सुधारतो हे खरंच आहे, कारखान्यात त्याचे मोठे पॅनल असतात. पण घरचं मीटर मोजतं किलोवॉट-तास, आपण ज्याला युनिट म्हणतो ते. पॉवर फॅक्टर सुधारला म्हणून युनिट कमी पडत नाहीत. विकणारा काय करतो, मोटर चालू करून क्लॅम्प मीटर लावतो आणि अँपिअर उतरलेले दाखवतो. अँपिअर उतरतात, वॉट तेवढेच राहतात. बेस्टचं मीटर असो की दुसऱ्या कुणाचं, बिल वॉटवर येतं.

गेल्या वर्षी एका आजींनी असे तीन डबे घेतले होते, प्रत्येक खोलीत एक. तीन डब्यांच्या पैशात एक चांगला पंखा आला असता. जुना पंखा ७०-७५ वॉट खातो, कमी वीज खाणारा नवा बीएलडीसी पंखा तीसच्या आसपास. बिल कमी करायचं तर तिथे करा.

विरारफास्ट:
दादा विरारला येता का कामाला

मीटरवाला:
दादरच्या पुढे जमत नाही हो. संध्याकाळची विरार गाडी आणि हातात ड्रिल मशीन, लोक चढू देणार नाहीत.

पार्लेकर आजोबा:
चुंबकाच्या गादीविषयी लिहितो. आमच्या सौ.चे गुडघे दुखत. ओळखीच्या एका गृहस्थांनी दादरला एका हॉलमध्ये नेले. चहा, वेफर्स, मोठा पडदा, टाय लावलेला वक्ता. म्हणे रक्तात लोह असते, चुंबक त्याला खेचतो, रक्ताभिसरण वाढते, गुडघे, मधुमेह, रक्तदाब सगळे जाते. मी उभा राहून विचारले, एमआरआयमध्ये दीड टेस्लाचा चुंबक असतो (टेस्ला हे चुंबकाच्या ताकदीचे माप), तुमच्या गादीच्या कितीतरी पट. रक्त चुंबकाने खेचले जात असेल तर एमआरआयमधून माणूस जिवंत कसा बाहेर येतो? हिमोग्लोबिनमधले लोह खिळ्यासारखे नसते, ते चुंबकाला चिकटत नाही. त्याने उत्तर दिले नाही. काका निगेटिव्ह आहेत म्हणाला आणि लोक हसले.

सौ.ना मी फिजिओथेरपीला नेले, आता रोज व्यायाम करते. परंतु आम्हाला नेणाऱ्या त्या गृहस्थांनी गादी घेतली आणि रक्तदाबाची गोळी सोडली. त्यांना पक्षाघात झाला. उजवा हात गेला. मी अजून दर गुरुवारी भेटायला जातो, आम्ही कॅरम खेळायचो पूर्वी. गादी विकणाऱ्यांपैकी एकही माणूस त्यांच्या दारात आलेला नाही.

चाळकरीण:
आजोबा...

सायलेंट रीडर:
पहिल्यांदा लिहितेय इथे. बाबांनी मधुमेहाची गोळी सोडली होती अशाच एका चूर्णासाठी. वेळेवर कळलं. आजोबांच्या मित्राबद्दल वाचून हात थरथरले.

वकिलीण:
१९५४ चा औषधे आणि जादूटोणा उपाय (आक्षेपार्ह जाहिराती) कायदा ह्यासाठीच आहे. त्याच्या परिशिष्टात मधुमेह, रक्तदाब, कर्करोग, मोतीबिंदू अशा ५४ गोष्टी आहेत. त्यांवर इलाज करतो अशी जाहिरात करणं हाच गुन्हा. तक्रार राज्याच्या एफडीएकडे, म्हणजे अन्न व औषध प्रशासनाकडे, करता येते, मुंबईत त्यांचं ऑफिस बीकेसीला (वांद्रे-कुर्ला संकुलात) आहे. पार्लेकर काका, हॉलमध्ये वाटलेली पत्रकं कुणी ठेवली असतील तर फेकू नका, तोच पुरावा.

टायपोसम्राट:
उंची पण आहे ना त्या यादीत? लोकलच्या डब्यात चिटकवलेले असतात ते, १८ नंतरही उंची वाढवा. माझा मावसभाऊ पोलीस भरतीसाठी असली पावडर आणणार होता. डॉक्टरांनी त्याचा मनगटाचा एक्सरे दाखवून सांगितलं की हाडांच्या टोकाची वाढीची जागा बंद झालीय, आता जगातली कुठलीच पावडर ती उघडणार नाही. बिचारा खूप रडला. आता पोस्टात आहे, मजेत आहे.

वकिलीण:
आहे, उंचीही आहे.

निळी छत्री:
मला क्रीमबद्दल लिहायचंय. त्या ट्यूबसोबत एक पट्टी मिळायची, गडद ते फिकट असे रंग छापलेले. आई दर आठवड्याला ती माझ्या गालाला लावून बघायची. स्थळं यायची होती ना. त्वचेचा रंग मेलॅनिन ह्या रंगद्रव्यावर आणि ते आईवडिलांकडून आलेलं, पट्टीने काय मोजणार? पण जाहिरातीत प्रयोगशाळा, सूक्ष्मदर्शक, आणि शेवटी त्या मुलीला नोकरी मिळते. १९७५ पासून विकलं जाणारं ते क्रीम, २०२० मध्ये त्याच्या नावातून फेअर हा शब्द काढला. माझ्या मुलीला आजीने एकदाच म्हटलं, "उन्हात काळी पडशील." मी तिथल्या तिथे सांगितलं, आई, ह्या घरात हे वाक्य पुन्हा नको. आई गप्प झाली. संध्याकाळी मला जवळ घेऊन म्हणाली, तुझा रंग मला कधीच वाईट वाटला नव्हता गं, लोकांची भीती वाटायची.

चाळकरीण:
निळी छत्री, शाब्बास. मुलीला खूप प्रेम.

काकडी:
तेलाच्या पिशवीवर कोलेस्टेरॉल शून्य लिहितात ते राहिलं. कोलेस्टेरॉल प्राण्यांच्या पदार्थांत असतं, शेंगदाण्यात कुठून येणार? आमच्या वाण्याकडे बायका दहा-वीस रुपये जास्त देऊन तीच पिशवी घेतात. बरं कुणाला खात्रीचं लाकडी घाण्याचं तेल माहीत आहे का पश्चिम उपनगरात?

दोन फुलं:
काकडी, बोरिवलीला एक आहे, मेसेज करते.
सासूबाईंचं सांगायचं राहिलं. कोमट मिठाच्या पाण्यात पाय ठेवायचे, यंत्र लावायचं, पाणी चॉकलेटी होतं. शरीरातलं विष बाहेर आलं म्हणे. रासायनिक सर, हे पण तुमच्या सळईसारखंच ना?

रासायनिक:
अगदी तेच. पाय काढून यंत्र नुसतं चालवा, तरी पाणी चॉकलेटी होतं. शरीरातला टाकाऊ माल बाहेर काढायचं काम यकृत आणि मूत्रपिंडं करतात, तळपाय नाही.

दोन फुलं:
आजच सांगते त्यांना. तुमचं नाव सांगितलं की ऐकतील, सरांवर त्यांचा विश्वास असतो.

वकिलीण:
तक्रारीचं विचारणारे मेसेज आले म्हणून इथेच लिहिते. ग्राहक हेल्पलाइन १९१५. दिशाभूल करणाऱ्या जाहिरातीला केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरण १० लाखांपर्यंत दंड करू शकतं, पुन्हा केली तर ५० लाख. जाहिरातीतल्या नटालाही वर्षभर जाहिरात करायची बंदी घालता येते. जाहिरातींवर लक्ष ठेवणारी संस्था एएससीआय मुंबईतच आहे, १९८५ पासून, तिथे ऑनलाइन तक्रार होते, जाहिरातीचा फोटो जोडा. आणि टीव्हीवरच्या यंत्र-ताईतांबद्दल: जानेवारी २०२१ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठाने सांगितलं आहे की चमत्काराचा दावा करून यंत्र विकणारी जाहिरात बेकायदा आहे, दाखवणारी वाहिनीही जबाबदार.

नाइट ड्युटी:
वहिनीच्या गळ्यात क्वांटम पेंडंट आहे, मोबाइलच्या लहरींपासून वाचवतं म्हणून कुणी दिलंय. घालू द्यावं का? निरुपद्रवी तरी आहे ना?

रासायनिक:
नाही, काढायला सांगा. डिसेंबर २०२१ मध्ये नेदरलँड्सच्या अणुसुरक्षा संस्थेने अशा दहा वस्तू तपासल्या, त्या किरणोत्सारी निघाल्या. पेंडंटं, ब्रेसलेट, अगदी झोपताना डोळ्यांवर लावायची पट्टीसुद्धा. प्रत्येक पेंडंट तसंच असेल असं नाही, पण सतत अंगाला लावून ठेवायची जोखीम कशाला?

नाइट ड्युटी:
अरे देवा. कचऱ्यात टाकू?

रासायनिक:
कचऱ्यात नको. डब्यात बंद करून मुलांपासून लांब ठेवा.

विरारफास्ट:
आणि मोबाइलच्या मागे लावतात तो अँटी रेडिएशन स्टिकर? माझ्या मित्राने घेतलाय

मीटरवाला:
त्याला काढायला सांग. त्याने सिग्नल खरंच अडला तर फोन टॉवरपर्यंत पोचायला अजून जोर लावतो, बॅटरी पण लवकर जाते.