फेडरॅलिस्ट: संघराज्यवादी की केंद्रवादी?

अनुस्वार: अमेरिकेच्या राज्यघटनेवरचा एक लेख मराठीत आणतेय. पहिल्याच पानावर गाडी अडलीय. फेडरॅलिस्टांना, म्हणजे या घटनेच्या सुरुवातीच्या समर्थकांना, मी 'संघराज्यवादी' केलं, तर संपादकांचा शेरा: "म्हणजे हे राज्यांच्या बाजूचे ना?" नेमकं उलट! हॅमिल्टन वगैरे मंडळींना भक्कम केंद्र हवं होतं. आपल्याकडे 'संघराज्य धोक्यात' म्हटलं की राज्यांचे हक्कच डोळ्यांसमोर येतात. काय करू?

खडूसकाका: 'केंद्रवादी' लिहा नि मोकळ्या व्हा.

पाऊलवाट: काका, मग गंमतच जाते. १७८१ च्या करारनाम्यात तेरा राज्यांची नुसती सैल मोट होती. काँग्रेसला, म्हणजे तिथल्या केंद्रीय विधिमंडळाला, कर लावायचा अधिकार नाही, राज्यांपुढे हात पसरायचे. 'फेडरल' शब्दाला तेव्हा या राज्याराज्यांतल्या कराराचाच वास होता. १७८७ च्या नव्या घटनेच्या समर्थकांनी ते नाव आधी पटकावलं आणि विरोधकांच्या कपाळी 'अँटी' आलं. ही चलाखी 'केंद्रवादी'त कुठे दिसणार?

तिरकस: एल्ब्रिज गेरी या घटनेच्या विरोधकानं १७८९ मध्ये प्रतिनिधिगृहात हीच तक्रार केली. खरे फेडरल आम्ही, त्यांना तर राष्ट्रीय सरकार हवं होतं. भांडण घटना रॅटिफाय, म्हणजे मान्य, करण्याचं होतं, तर नावं 'रॅट' आणि 'अँटीरॅट' ठेवायची! करा याचं मराठी. उंदीर आणि उंदीरविरोधी?

पाऊलवाट: मान्यवर आणि अमान्यवर. 😀

भूर्जपत्र: चेष्टा पुरे. मूळ लॅटिन 'फेडस', म्हणजे करार. हा आपला 'बंध'च. मी 'बंधराज्य' सुचवतो.

पाऊलवाट: 'बंध'चा भाऊ इंग्रजी 'बाइंड'. 'फेडस' वेगळ्या घरातला, विश्वास या अर्थाच्या 'फिडेस'चा नातलग.

खडूसकाका: बंधराज्य वाचून पाटबंधारे खातं आठवलं.

भूर्जपत्र: हसा. 'महापौर' रुळलाच ना? सगळं इंग्रजीच देवनागरीत लिहायचं तर भाषांतराचा खटाटोप कशाला?

तिरकस: 'संघवादी' तेवढं नको. आमच्या सरांनी फळ्यावर 'संघवादी विरुद्ध संघविरोधी' लिहिलं, तर मागच्या बाकावरून आवाज: "सर, शाखा किती वाजता?"

पाऊलवाट: डॉ. आंबेडकरांपुढेही हा पेच होताच. नोव्हेंबर १९४८ मध्ये संविधानसभेत त्यांनी 'फेडरेशन' सोडून 'युनियन' का घेतलं ते सांगितलं. आपला संघ राज्यांनी आपसांत करार करून झालेला नाही, म्हणून कुणाला फुटून निघायचा हक्कही नाही. 'फेडस'मधला करारच काढून टाकला!

अनुस्वार: हे छानच आहे, पण माझ्या फेडरॅलिस्टांचं काय? आणि पुढे काँग्रेसला आपले अधिकार वापरण्यासाठी करता येणारे 'नेसेसरी अँड प्रॉपर' कायदे आलेत. 'आवश्यक व उचित' चालेल?

तिरकस: त्या 'नेसेसरी'वरून तर रण पेटलं होतं! १७९१ मध्ये राष्ट्रीय बँक काढायची होती. बँकेच्या विरोधातला जेफरसन म्हणे, ज्याच्यावाचून अडतंच ते आवश्यक. नुसती सोय म्हणजे आवश्यक नव्हे. हॅमिल्टन म्हणे, उपयोगी पडतं तेही आवश्यकच. १८१९ मध्ये मेरिलँड राज्यानं दुसऱ्या राष्ट्रीय बँकेवर कर लावल्याच्या खटल्यात सरन्यायाधीश मार्शलनी हॅमिल्टनचं म्हणणं उचललं. घटनेत दुसरीकडे 'अगदी आवश्यक' असं मुद्दाम म्हटलंय, मग नुसतं 'आवश्यक' त्याहून सैल असणार, हा त्यांचा एक मुद्दा.

भूर्जपत्र: मराठीत जेफरसन जिंकतो. आवश्यक हा 'अवश्य'वरून, आणि अवश्य म्हणजे जे आपल्या वश नाही, टाळता येत नाही ते.

खडूसकाका: आमच्या सोसायटीच्या नोटिशीवर 'सर्वांची उपस्थिती आवश्यक' असतं. येतात चार टाळकी. हॅमिल्टन जिंकला.

तिरकस: 'जरुरीचे' कसं वाटतं?

भूर्जपत्र: 'जरूर' अरबी आहे. घटनेच्या मजकुरात नको.

खडूसकाका: आणि 'कायदे' काय कोकणातले?