आठ रास्पबेरी पाय की एकच सर्व्हर?

लोहबंध:
आठ जीबी रॅमचे आठ ‘रास्पबेरी पाय ५’ (एका छोट्या बोर्डावरचे संगणक) जोडून क्लस्टर, म्हणजे एकत्र काम करणारा गट, केला की ३२ कोअर आणि ६४ जीबी रॅम, असा हिशोब सर्रास मांडला जातो. कोअरचं एकवेळ ठीक, पण रॅमची बेरीज होतच नाही. प्रोसेसला तिच्या बोर्डावरच्या आठ जीबीपलीकडचं काही दिसत नाही. २० जीबीचा इंडेक्स (शोधसूची) एकाच प्रोसेसच्या मेमरीत ठेवायचा असेल तर आठही बोर्ड निरुपयोगी. बोर्डांमधली वाट गिगाबिट इथरनेटची, सेकंदाला फार तर १२५ एमबी. आठ चॅनलच्या डीडीआर४-३२०० रॅमच्या सर्व्हरमध्ये प्रोसेसर आणि रॅममधली कमाल गती २०४ जीबी. दर फेरीला शेजाऱ्याशी आकडे बदलणारं एमपीआयचं (अनेक संगणकांवरच्या प्रोसेसनी एकमेकींना संदेश पाठवण्याची पद्धत) काम इथे गुदमरतं. ईसीसी (बिटांच्या चुका स्वतः दुरुस्त करणाऱ्या) रॅमचा जुना सर्व्हर घ्या. क्लस्टर शिकायचाच असेल तर त्यावर व्हर्च्युअल मशीन (एकाच संगणकात सॉफ्टवेअरने उभे केलेले अनेक संगणक) चालवा.

तारकरी:
असहमत. व्हर्च्युअल मशीन एकाच डिस्कवर, एकाच पॉवर सप्लायवर असतात. त्यातलं काही बंद पडलं तर सगळी मशीन एकदम पडतात. लॉस अलामॉस प्रयोगशाळेने २०१७मध्ये ७५० पायचा क्लस्टर घेतला तो वेगासाठी नव्हे, तर सिस्टिम सॉफ्टवेअर लिहिणाऱ्यांना महासंगणक न अडवता चाचण्या करता याव्यात म्हणून. तीन बोर्डांवर के३एस (कंटेनर, म्हणजे सगळ्या सामग्रीसह बांधलेले प्रोग्रॅम, बोर्डांवर वाटून चालवणारं सॉफ्टवेअर) त्यातल्याच ईटीसीडीसह (क्लस्टरच्या नोंदी प्रत्येक बोर्डावर सारख्या ठेवणारा डेटाबेस) चढवा आणि एकाची वीज काढा: दोघांचं बहुमत उरतं, काम चालू राहतं. दुसऱ्याचीही काढा: आधीचे कंटेनर चालतात, पण नवा पॉड (एकत्र चालणाऱ्या कंटेनरांचा गट) कुठेच लागत नाही. हे खऱ्या वायरींवरच शिकावं.

लोहबंध:
एसडी कार्डावर ते तीन बोर्डही धड टिकणार नाहीत. ईटीसीडी प्रत्येक नोंद डिस्कवर पक्की झाल्याशिवाय पुढे जात नाही. कार्ड फार वेळ अडखळलं की लीडरचा (नोंदींचा क्रम ठरवणाऱ्या बोर्डाचा) हार्टबीट, म्हणजे ‘मी चालू आहे’ हा इशारा, वेळेत पोचत नाही आणि पुन्हापुन्हा नवा लीडर निवडला जातो. म्हणजे निदान या तिघांना एनव्हीएमई (वेगवान एसएसडी) आणि त्याची हॅट (ते जोडण्यासाठी पायवर बसणारं कार्ड) आली. खर्चात तेही धरा.

तारकरी:
एनव्हीएमई हवंच, मान्य. त्याहून जास्त घात वीज करते. पाय ५साठी ५ व्होल्ट, ५ अँपिअरचा सप्लाय सुचवलेला आहे. बहुपोर्टी चार्जर बहुधा ३ अँपिअरवर थांबतो. व्होल्टेज पडलं की बोर्ड घड्याळगती उतरवतो आणि एमपीआयमध्ये उरलेले सात त्याची वाट बघत बसतात. लोड देऊन प्रत्येक बोर्डावर ‘vcgencmd get_throttled’ (बोर्डाने गती उतरवली का, ते सांगणारी आज्ञा) चालवा. उत्तर शून्य नसेल तर आधी सप्लाय आणि पंखा बघा, कोड नंतर.